माउथवॉशमुळे दात आणि जीभ तपकिरी का होतात? हे डाग जातात का?

अक्कलदाढ काढून आठवडा झालेला असतो. दुखणं थांबलेलं असतं, सूजही उतरलेली असते. पण सकाळी आरशात बघताना नजर जाते ती जिभेवर. मागच्या बाजूला तपकिरी, मध्येच काळपट थर. दात बघावेत, तर दोन दातांच्या फटीत चहाच्या रंगाच्या रेषा. आठ दिवसांपूर्वी यातलं काहीच नव्हतं.

मग शोधाशोध सुरू होते. मोबाईलवर 'काळी जीभ' असं टाइप केलं की बुरशीपासून कॅन्सरपर्यंत सगळं समोर येतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "पोट साफ होत नसेल." बेसिनवर ठेवलेल्या माउथवॉशच्या बाटलीवर मात्र कुणाचा संशय जात नाही. तोंड स्वच्छ राहावं म्हणून दिलेल्या औषधानेच दात काळे पडतील, हे पटणार तरी कसं?

पण डॉक्टरांनी दिलेला औषधी माउथवॉश सुरू असेल, तर अशा डागांचं सगळ्यात सरळ कारण तोच असतो. हा औषधाचा जुना आणि माहीत असलेला दुष्परिणाम आहे. हे डाग धोकादायक नसतात आणि बहुतेक वेळा निघूनही जातात. मात्र ते एक गोष्ट सांगतात, जी बाटली संपल्यावर परस्पर दुसरी आणणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवी.

बाटलीत नेमकं काय असतं?

दुकानात मिळणारे सगळे माउथवॉश सारखे नसतात. काही फक्त तोंडाला ताजा वास यावा म्हणून असतात. काहींमध्ये दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड असतं. दाढ काढल्यावर, हिरड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा हिरड्या सुजल्यावर डेंटिस्ट जो माउथवॉश लिहून देतात, त्याच्या लेबलवर बहुतेकदा 'क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट' असं नाव असतं. भारतात त्याचं प्रमाण साधारणपणे ०.२ टक्के असतं, अमेरिकेत ०.१२ टक्के.

क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या आयसीआय या कंपनीत तयार झालं. आधी त्याचा वापर त्वचा, जखमा आणि शस्त्रक्रियेपूर्वी हात निर्जंतुक करण्यासाठी व्हायचा. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये ते वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचं नाव आहे.

तोंडासाठी त्याची खरी ओळख झाली ती डेन्मार्कमध्ये. हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधा पण महत्त्वाचा प्रयोग केला होता. १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर त्या बऱ्या झाल्या. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, हेच हिरड्यांच्या सुजेचं कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

पुढे १९७० मध्ये लोए आणि शिओट यांनी दाखवलं की, दात न घासताही ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा चूळ भरली, तर हा थर साचत नाही. दंतवैद्यकासाठी ही मोठी बातमी होती. पण तपकिरी डागांची तक्रारही लगेच आली. १९७१ मध्येच या माउथवॉशच्या दुष्परिणामांवर वेगळा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. म्हणजे औषधाचा गुण आणि त्याचे डाग, दोन्ही गोष्टी पहिल्यापासून सोबतच आहेत.

मग डाग पडतात कसे?

अनेकांना वाटतं की बाटलीतल्या औषधाचा रंग दातांना लागतो. तसं नाही. अनेक कंपन्यांचं औषध गुलाबी असतं, पण डाग गुलाबी पडत नाहीत. ते पिवळसर, तपकिरी किंवा काळपट असतात. क्लोरहेक्सिडीनला स्वतःचा रंगच नसतो.

रंग येतो तो खाण्यापिण्यातून. औषध करतं ते काम आहे हा रंग धरून ठेवण्याचं.

दात कितीही स्वच्छ घासले तरी काही मिनिटांत त्यांच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यावर ऋण विद्युतभार असतो. जिभेच्या आणि गालाच्या आतल्या पृष्ठभागावरही तसाच. क्लोरहेक्सिडीनच्या रेणूच्या दोन टोकांना धन विद्युतभार असतो. त्यामुळे चूळ थुंकून टाकली तरी सगळं औषध बाहेर जात नाही. त्यातलं काही दातांना, हिरड्यांना आणि जिभेला चिकटून राहतं आणि हळूहळू सुटत राहतं. त्याचा परिणाम साधारण १२ तास टिकतो. म्हणूनच ते दिवसातून दोनदाच घ्यायला सांगतात. साध्या माउथवॉशमध्ये हा गुण नसतो.

आता यात चहा आला. चहा आणि कॉफीतले रंगद्रव्याचे घटक ऋणभारित असतात. क्लोरहेक्सिडीनचं एक टोक दाताला चिकटलेलं असतं, तर दुसरं मोकळं असतं. हे मोकळं टोक चहातले रंगद्रव्याचे कण पकडतं आणि ते तिथेच साका धरून बसतात.

कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात, हे अनेकांना माहीत असेल. तुरटी स्वतः रंग देत नाही, ती कापड आणि रंग यांच्यात दुवा होते. तोंडात क्लोरहेक्सिडीन जवळपास तेच काम करतं.

डागांची आणखीही काही कारणं संशोधकांनी मांडली आहेत. त्यात प्रथिनं आणि साखरेच्या अभिक्रियेतून येणारा तपकिरी रंग आहे, तसंच लोहासारख्या धातूंची गडद संयुगं तयार होणंही आहे. पण सर्वांत भक्कम पुरावा चहा-कॉफीसारख्या पदार्थांच्या रंगाचाच आहे. रेड वाइननेही असेच डाग पडतात.

थोडक्यात, ज्या चिकटपणामुळे हे औषध काम करतं, त्याच चिकटपणामुळे डाग पडतात.

सगळ्यांनाच डाग पडतात का?

नाही. दिवसातून सहा कप चहा घेणाऱ्याला आणि चहाला न शिवणाऱ्याला सारखा त्रास होत नाही. किती दिवस वापर झाला, दात आधीपासून किती स्वच्छ होते, लाळ किती सुटते, यावरही बरंच अवलंबून असतं.

अमेरिकेत १९८६ मध्ये ०.१२ टक्क्यांच्या क्लोरहेक्सिडीन माउथवॉशला मंजुरी मिळाली. तिथल्या औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात सहा महिन्यांच्या चाचण्यांचे आकडे दिलेले असतात. क्लोरहेक्सिडीन वापरणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांच्या पुढच्या दातांवरचे डाग मोजण्याइतके वाढले. औषधाविना चूळ भरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं. गडद म्हणता येतील असे डाग पहिल्या गटात १५ टक्के लोकांना पडले, तर दुसऱ्या गटात फक्त १ टक्का लोकांना. ज्यांच्या दातांवर आधीच प्लाक जास्त असतो त्यांना डाग अधिक पडतात, असंही त्यात म्हटलेलं आहे.

कोक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये ५१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. चार आठवडे किंवा त्याहून जास्त काळ हा माउथवॉश वापरला तर दातांवर डाग पडतात, हा त्यातला एक ठोस निष्कर्ष होता.

०.१२ टक्क्यांचं औषध घेतलं तर डाग कमी पडतील का, असा प्रश्न इथे अनेकांना पडतो. प्रमाण कमी दिसत असलं तरी ते एका वेळी १५ मिलिलिटर वापरायचं असतं, तर ०.२ टक्क्यांचं १० मिलिलिटर. हिशेब केला तर एका चुळीत अनुक्रमे १८ आणि २० मिलिग्रॅम औषध तोंडात जातं. फरक फारसा नाही.

डाग कुठे दिसतात?

दातांवर हे डाग हिरडीजवळच्या कडेला, दोन दातांच्या मधल्या फटीत आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जास्त दिसतात. म्हणजे जिथे ब्रश नीट पोहोचत नाही तिथे. वेडेवाकडे दात असतील तर जास्त.

जिभेवर ते मागच्या अर्ध्या भागात दिसतात. जिभेच्या पृष्ठभागावर बारीक केसांसारखे उंचवटे असतात. त्यांच्यामध्ये औषध, अन्नाचे कण आणि मृत पेशी अडकतात आणि त्यांना रंग चढतो.

सिमेंट भरलेले दात आणि कवळीही यातून सुटत नाही. विशेषतः पुढच्या दातांत दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट भरलेलं असेल आणि त्याची कड खडबडीत असेल, तर तिथे रंग मुरतो.

डागांसोबत आणखी दोन गोष्टी होऊ शकतात. पहिली म्हणजे चव बदलते, खास करून खारट चव कमी जाणवते. आमटी अळणी लागते म्हणून वरून मीठ घेतलं जातं आणि बाकीच्यांना ती बरोबर लागत असते. औषध थांबलं की चव परत येते. दुसरी म्हणजे दातांवर कडक कीटण साचण्याचं प्रमाण वाढू शकतं.

हे डाग निघतात का?

बहुतेक निघतात. कारण ते दाताच्या आत गेलेले नसतात, वरच्या पापुद्र्यात असतात. दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, खराब झालेलं नसतं.

जिभेवरचा रंग औषध थांबवल्यावर आपोआप कमी होतो, कारण जिभेवरच्या पेशी सतत बदलत असतात. टंग क्लीनर हलक्या हाताने फिरवला की पुरतं. रक्त येईपर्यंत खरवडण्याची गरज नाही.

दातांवरचे डाग मात्र घरच्या ब्रशने पूर्ण जातीलच असं नाही. डेंटिस्टकडे स्केलिंग आणि पॉलिशिंग केलं की ते निघतात. त्याला सहसा एक बैठक पुरते. अपवाद खडबडीत कॉम्पोझिटचा. तिथला डाग पॉलिशने गेला नाही, तर क्वचित ते भरण बदलावं लागतं.

रील्समध्ये दिसणारे 'दात पांढरे करण्याचे उपाय' इथे उलटे पडू शकतात. लिंबाच्या रसातलं आम्ल इनॅमल विरघळवतं. त्यात खायचा सोडा, मीठ किंवा कोळशाची पूड घालून दात घासले, तर मऊ झालेलं इनॅमल आणखी झिजतं. डाग काढता येतो. गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. जो डाग एका भेटीत निघाला असता, त्याच्यासाठी दात कायमचे शिवशिवायला लावण्यात काहीच शहाणपण नाही.

एक छोटी गोष्ट टॉवेलची. हे औषध लागलेला कापड क्लोरीनच्या ब्लीचमध्ये टाकला तर त्यावर तपकिरी डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. त्यामुळे तोंड पुसलेला टॉवेल ब्लीचमध्ये भिजवू नये.

डाग कमी पडावेत म्हणून काय करता येईल?

- चहा आधी, चूळ नंतर. सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर आणि रात्री जेवण आटोपून झोपण्यापूर्वी, या दोन वेळा सोयीच्या असतात. चूळ भरल्यावर किमान अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. त्या दिवसांत चहा-कॉफीचे कप कमी केले तर फरक पडतो. तंबाखू आणि मिश्री तर बंदच हवी.

- पेस्ट आणि माउथवॉश पाठोपाठ नको. बऱ्याच टूथपेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट असतं. त्याच्यावर ऋणभार असल्याने ते क्लोरहेक्सिडीनला जखडून ठेवतं आणि औषधाचा परिणाम कमी होतो. म्हणून दात घासल्यावर तोंड पाण्याने स्वच्छ धुवून किमान अर्धा तास थांबावं आणि मग चूळ भरावी.

- ब्रश सोडू नये. माउथवॉश आहे म्हणून घासणं कमी केलं तर प्लाक वाढतो आणि त्यावर डाग अधिक बसतात. शस्त्रक्रियेची जागा सोडून बाकीचे दात नेहमीसारखे घासावेत.

- चुळीनंतर लगेच पाण्याने तोंड धुवू नये. कडवट चव जावी म्हणून अनेक जण असं करतात. त्याने कडवटपणा जातो, पण औषधही जातं.

- मात्रा आणि वेळ पाळावी. सहसा १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पाणी मिसळायचं की नाही, हे डॉक्टर सांगतील तसं. जास्त वेळा चूळ भरून जखम लवकर भरत नाही, डाग मात्र वाढतात. औषध गिळायचं नसतं. लहान मुलांना ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

- दाढ काढल्यावर पहिले २४ तास चूळ नको. जोरात चूळ भरल्याने जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून जाऊ शकते. कधीपासून सुरू करायचं, हे दाढ काढणाऱ्या डॉक्टरांकडून विचारून घ्यावं.

बाजारात 'डाग न पाडणारे' म्हणून काही क्लोरहेक्सिडीन माउथवॉश मिळतात. त्यात व्हिटॅमिन सी आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घातलेलं असतं. त्यांच्या परिणामाबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ज्या दिवशी औषध दाताला चिकटणारच नाही, त्या दिवशी डाग नक्कीच पडणार नाहीत, पण मग औषधाचा उपयोगही उरणार नाही. अडचण तिथे आहे.

डाग दिसले म्हणून औषध लगेच थांबवावं का?

इथे दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात.

पहिली चूक घाबरण्याची. हिरडीची शस्त्रक्रिया झाली आहे, टाके आहेत, तिथे ब्रश लावता येत नाही. अशा वेळी जंतूंना रोखण्याचं काम माउथवॉशच करत असतो. चौथ्या दिवशी जीभ तपकिरी दिसली म्हणून तो बंद केला, तर डाग टळतील पण जखम उघडी पडेल. सात दिवस, दहा दिवस किंवा दोन आठवडे, जो कालावधी लिहून दिला आहे तो पूर्ण करावा. डाग फारच खटकत असतील तर डॉक्टरांना फोन करून विचारावं.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि ती जास्त घातक आहे. ती म्हणजे औषध कधी थांबवायचं हेच विसरणं. ब्रश करताना रक्त येत होतं, माउथवॉशने कमी झालं. तोंडाला वास येत होता, तोही गेला. बाटली संपली, मेडिकलमधून दुसरी आली. मग तिसरी. सहा महिने असेच जातात.

हा माउथवॉश दातांच्या वरच्या भागावर चांगलं काम करतो. पण हिरड्यांचा आजार वाढला की दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल फटी तयार होतात आणि चुळीचं औषध तिथे नीट पोहोचत नाही. तिथे साचलेलं कडक कीटण कुठल्याही माउथवॉशने विरघळत नाही. ते डेंटिस्टलाच काढावं लागतं. वरून हिरडी बरी दिसते, रक्त कमी येतं आणि आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजत राहतं. दात हलायला लागतो तेव्हा लक्षात येतं आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

म्हणूनच महिनोन्महिने टिकलेला तपकिरी डाग हा नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. थोड्या दिवसांचं औषध रोजच्या सवयीचं झालं आहे, हे तो सांगत असतो. क्लोरहेक्सिडीन हे ठरावीक कामासाठी, ठरावीक दिवसांसाठी असतं. रोज वापरायचंच असेल, तर कोणता माउथवॉश योग्य आणि मुळात त्याची गरज आहे का, हे तपासणीनंतरच ठरवावं.

प्रत्येक डाग माउथवॉशचाच असतो का?

नाही. जांभळं खाल्ल्यावर जीभ जांभळी होते आणि काही तासांत पूर्ववत होते. लोहाच्या पातळ औषधाने दात काळपट होतात. बिस्मथ असलेल्या पोटाच्या औषधाने जीभ काळी पडू शकते. अँटिबायोटिकचा कोर्स, धूम्रपान किंवा कोरडं तोंड यामुळे जिभेवरचे उंचवटे वाढून ती काळी, केसाळ दिसू शकते. हा प्रकार दिसायला भीतीदायक असला तरी सहसा निरुपद्रवी असतो. सेटिलपायरिडिनियम क्लोराइड असलेले माउथवॉश आणि स्टॅनस फ्लोराइडच्या पेस्टनेही थोडेफार डाग पडू शकतात.

पण काही लक्षणं 'माउथवॉशमुळे झालं असेल' म्हणून सोडून देऊ नयेत. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांहून जास्त काळ न भरणारा व्रण, तोंडात हाताला लागणारी गाठ किंवा तोंड पूर्वीसारखं न उघडणं, यापैकी काहीही असेल तर डॉक्टरांना तोंड दाखवावं. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा सुपारीची सवय असेल तर एक दिवसही लांबवू नये. माउथवॉशचा डाग तपकिरी असतो, दुखत नाही, त्याला गाठ नसते आणि औषध थांबल्यावर तो फिका होऊ लागतो. जो फिका होत नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

माउथवॉश वापरताना तोंड सोलल्यासारखं झालं, आग होऊ लागली किंवा गालाखाली सूज आली, तर तो थांबवून डॉक्टरांना विचारावं. अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर ती ॲलर्जी असू शकते. क्लोरहेक्सिडीनची तीव्र ॲलर्जी दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतू शकते. अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठावं आणि पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी डॉक्टरांना याची आठवण करून द्यावी, कारण हेच औषध तिथे त्वचेवरही वापरलं जातं.

बाकी, आठवडाभराच्या वापराने जीभ तपकिरी झाली असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. प्रिस्क्रिप्शन काढून त्यावर किती दिवस लिहिले आहेत ते बघावं. तेवढे दिवस औषध घ्यावं, मग थांबवावं, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून दात पॉलिश करून घ्यावेत. बाटलीत औषध उरलं आहे, एवढं कारण ते पुढे सुरू ठेवायला पुरेसं नाही.